चंपत माळ्याचा उपदेश

मंगरूळपीरच्या बाजारात चंपत माळ्याची जागा कुणाला विचारावी लागत नसे. चिंचेच्या झाडाखाली दोन पाट्या दिसल्या की तो चंपत. एका पाटीत वांगी, मेथी, कोथिंबीर, जे मळ्यात असेल ते. दुसऱ्या पाटीत झेंडू. ही दुसरी पाटी आधी रिकामी व्हायची. गुरुवारी तिच्यातली फुलं दर्ग्यात जायची, शुक्रवारी वेशीजवळच्या देवीला, शनिवारी मारुतीला. चंपत मात्र यांपैकी कुठेच जायचा नाही. देवळावरून जाताना तो मान खाली घालायचा नाही आणि वरही करायचा नाही. समोर बघत बैलासारखा सरळ निघून जायचा.

शेजारी कांदे घेऊन बसणारा लखीराम त्याला कधी सोडायचा नाही.

"काय गा चंपत, साऱ्या देवाईले फुलं पुरवतो अन् एकाच्याबी पाया पडत नाई. देव तुह्यावर फिर्याद करतीन एक दिवस."

"करू दे. फुलं तं ताजी देतो ना?"

"फुलं ताजी हायेत. मानूसच शिळा हाय."

असं म्हणून लखीराम स्वतःच हसायचा. देवीचा प्रसाद आला तर तो चंपतच्या वाट्याचं खोबरं त्याच्यासमोर खायचा आणि म्हणायचा, "तुह्या पंथानं माह्यं लय भलं केलं बाप्पा."

चंपतचं घर महानुभाव पंथाचं. गावातल्या साऱ्या माळ्यांत तेवढं एकच. एका परमेश्वराला मानायचं, दुसऱ्या देवदेवतांना हात जोडायचे नाहीत, त्यांचा नैवेद्य खायचा नाही, जीव मारायचा नाही, मांस-दारू शिवायची नाही. चंपतच्या बापाने हे सगळं काटेकोर पाळलं, चंपतने पाळलं, आणि आता पंजाब, त्याचा एकुलता एक मुलगा, पाळत होता. घरात सून आली की वर्षाच्या आत मठातले महंत बोलवायचे, तिला उपदेश द्यायचा, म्हणजे पंथाची पाच नामं तिच्या कानात सांगायची, आणि तिने माहेराहून आणलेले देव अडाण नदीत बोळवायचे. चंपतच्या आईचे देव तसेच गेले. बायकोचेही गेले. बायको जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

ही गोष्ट एकोणीसशे सदतीस सालची. त्या वैशाखात पंजाबचं लग्न झालं आणि कामरगावची गिरजा सून म्हणून घरी आली. कामाला वाघीण. मेथीची जुडी बांधायला बसली तर चंपतचे हात मागे पडत. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी चंपत पाणी प्यायला आत गेला तर पाण्याच्या माठावरच्या कोनाड्यात एक चांदीचा टाक उभा. बोटभर उंचीचा, देवी ठसवलेला, त्यावर ताजं कुंकू. गिरजाने तो लपवला नव्हता. जिथे कुणालाही दिसेल तिथेच ठेवला होता.

चंपत पाणी न पिताच बाहेर आला. सासऱ्याने सुनेशी अशा गोष्टी थेट बोलायच्या नसतात, म्हणून त्याने पंजाबला गाठलं.

"तिले सांग, आपल्या घरी हे चालत नाई."

"सांगतो," पंजाब म्हणाला.

आठ दिवस गेले. टाक होता तिथेच होता.

"सांगतलं का रे?"

"सांगतलं बाबा."

"मंग काय म्हने?"

पंजाबने मोटेच्या नाड्याची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. "ते म्हने, हो."

"हो म्हने तं टाक काहून तिथंच हाय?"

"तुमीच सांगा ना बाबा. मले तिच्याशी बोलता येत नाई. ते आयकून घेते अन् मंग मलेच भाजी निवडाले बसवते."

चंपत मग जरा थांबायचं ठरवून गप्प बसला. खरिपाची कामं होती, पाऊस होता, तणाने मळा भरला होता. पण भादवा सरत आला आणि एक दिवस गिरजा वाफ्यातून उठून आली. पदर सारखा करून, थोडी बाजूला तोंड करून तिने विचारलं, "मामाजी, पुढच्या हप्त्यात नवरात्र बसते. मी घट बसवू का?"

या घरात घट कधी बसला नव्हता. चंपतच्या हातातलं खुरपं थांबलं.

"गिरजे, आपल्या घरी देवी नसते. तुले ठाऊक नाई का?"

"ठाऊक हाय. म्हनूनच इचारून राह्यली."

"तुले आता उपदेश घ्याचा हाय. मी महंतबाबाले बोलावतो. मंग तो टाक नदीले द्याचा. तुही सासू, तिची सासू, साऱ्याईनं असंच केलं."

गिरजाने हातातलं तण बाजूला टाकलं. मग म्हणाली, "मी नाई म्हनत नाई, मामाजी. पन मले समजल्याबिगर कशी घेऊ?"

"समजायचं काय त्याच्यात?"

"तुमाले कसं समजलं होतं?"

"आमाले जनमापासूनच हाय," चंपत म्हणाला, आणि खाली वाकून तण काढायला लागला. बोलणं तिथेच संपलं असं त्याला वाटलं.

गिरजाचं म्हणणं उर्मटपणाचं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. ती आईबापांची एकटी मुलगी. घरचे टाक मुलाकडे जातात, पण तिला भाऊ नव्हता. आईने मरताना टाक गिरजाच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाली, या देवीला आता तुझ्याशिवाय कुणी नाही. हे लग्नाआधीच चंपतच्या कानावर आलं होतं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. उपदेश झाला की सगळं आपोआप होईल, असं त्याने धरलं होतं.

त्याने आसेगावकडे निरोप धाडला. त्या अंगाला पंथाचा एक लहानसा मठ होता आणि महंतबाबा चार महिने तिथे मुक्कामाला होते. चंपतची थोरली बहीण प्रयागबाई आसेगावातच दिली होती. महंतबाबा तिच्याच गाडीत बसून आले. घट बसायला तीन दिवस होते. चंपतने अंगण सारवून घेतलं, ओसरीवर घोंगडी टाकली, धुतलेलं धोतर नेसला. पंजाब विनाकारण आत-बाहेर करत होता.

महंतबाबा वयस्कर, बारीक अंगाचे. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे सरकावं लागे. दंडवत झाले, पाणी झालं. गिरजा पदर घेऊन समोर बसली.

"बाई," बाबांनी विचारलं, "उपदेश घ्यायचा हे तुमच्या मनाने आहे का?"

चंपतने मान हलवायला सुरुवातही केली होती. गिरजाने खाली बघत सांगितलं, "नाई बाबा. मामाजीच्या मनानं हाय."

प्रयागबाईने कपाळावर हात मारला. "अवो बाई, असं बोलतेत का!"

"बोलू द्या," बाबा म्हणाले. "खोटं बोलली असती तर काय केलं असतं मी?" मग गिरजाकडे वळून त्यांनी विचारलं, "टाक ठेवला आहे म्हणतात. तो आईने दिला म्हणून ठेवला ना?"

"हो."

"मग तेही तुमच्या मनाचं कुठे झालं? ते आईच्या मनाचं झालं."

चंपतला बरं वाटलं. आता पोरगी अडकली. गिरजाने हातातल्या बांगड्या मागे सारल्या.

"टाक आईनं देला, बाबा. ते खरं हाय. पन रोज सकायी जे हात जोडून राह्यली, ते हात तं माहेच हायेत. ते काई आईनं येऊन जोडले नाई."

बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी नुसती मान डोलावली, आणि चंपतला म्हणाले, "यांना आज उपदेश देता येणार नाही."

"बाबा, पन आमच्या घरची रीत हाय! आजपावतो कोनी सून बिनउपदेशाची राह्यली नाई."

"रीत घराची असते, चंपतराव. उपदेश माणसाला देतात." मग त्यांनी अगदी सहज, दुसरं बोलणं काढावं तसं विचारलं, "तुमचा उपदेश कोणाचा?"

"आमच्या बाबाच्या वक्ती जे महंत होते, त्याईचा."

"किती वर्षांचे होता तुम्ही?"

"लहान होतो. लय लहान."

"नाम आठवतं ना? मला सांगू नका. मनात म्हणा."

चंपतने डोळे मिटले.

त्याचा बाप रोज पहाटे विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडीच्या काठावर, बसायचा. मोट सुरू व्हायच्या आधी, बैल गोठ्यातून बाहेर काढायच्या आधी. पाठ ताठ, डोळे मिटलेले, ओठ हलत असायचे. लहानपणी चंपत त्याच्या शेजारी जाऊन बसायचा आणि तसेच ओठ हलवायचा. बाप म्हणायचा, तुझं झालेलं आहे, मोठा झालास की नाम सांगीन. मग गावात प्लेग आला. चंपत बावीस वर्षांचा होता, काखेत गाठ आल्यावर बाप तीन दिवसही टिकला नाही. नाम सांगायचं राहून गेलं. पहिल्या वर्षी चंपतला ते आठवत होतं. कुणाला तरी विचारावं असंही वाटायचं. पण ज्याचा उपदेश झाला आहे त्याने नाम कसं विचारायचं? मग लग्न झालं. बायकोने उपदेश घेतला. ती चुलीपुढे बसून पुटपुटायची, त्या पुटपुटण्यात ती पाच नामं होती, आणि पंचवीस वर्षं तो त्याच घरात जेवला. तिलाही विचारता आलं नाही. मग राहिलेलं आहे हेच तो विसरला. रोज पहाटे थारोळ्यावर बसायचा आणि ओठ हलवायचा.

आता डोळे मिटून त्याने आत शोधलं तर तिथे बापाचे ओठ होते. नुसते हलणारे ओठ. आवाज नव्हता.

त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे बघत होते.

प्रयागबाई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या पोटात काही राहत नसे. "त्याले कुठचा उपदेश, बाबा! हा तीन महिन्याचा होता. याले खोकला झाला होता तं आमच्या बानं मठात नेऊन महंताच्या पायावर घातला. मी होती ना संगं. म्या धरला होता. खोकला गेला तं बा म्हने, याचं झालं आता. पायावर घातला तेवढाच."

"बाई!" चंपत म्हणाला.

"मंग खोटं हाय का? मले वाटे तू मंग कदी घेतला असशीन. छप्पन वर्षाचा झाला तू!"

पंजाब ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, तो हळूच अंगणात उतरला. गिरजा उठून आत गेली. चंपतला त्या दोघांचं बरं वाटलं. निदान त्यांनी तोंड फिरवलं.

महंतबाबांनी काही उपदेशाचं भाषण केलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मी मार्गशीर्षापर्यंत मठात आहे. यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर येऊ नका. पण कोणाच्या मनाने आलो ते येताना ठाऊक असू द्या." मग भाकर, वरण आणि वांग्याचं भरीत जेवले, भरिताची वाखाणणी केली आणि ऊन उतरल्यावर प्रयागबाईच्या गाडीत बसून गेले.

त्या संध्याकाळी पंजाब म्हणाला, "बाबा, त्याच्यात काय एवढं? उद्या गाडी जुपतो. जाऊन घेऊन या. कोनाले समजते?"

हे खरं तर सोपं होतं. चंपतला ते करता येईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला आपलं सारं आयुष्य उसनं आणलेल्या सदऱ्यासारखं वाटलं. सदरा अंगाला बसत होता. फाटलाही नव्हता. पण तो आपण घातला होता की कुणी घालून दिला होता? देवळावरून तो सरळ निघून जायचा, ते कशाला? देवी खोटी म्हणून? देवी खरी की खोटी हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बाप जात नव्हता, एवढंच त्याला माहीत होतं. आणि याच जोरावर तो त्या पोरीला म्हणत होता, आईचा टाक नदीत टाक.

त्याला बायकोची आठवण आली. तिचे देव बोळवले तेव्हा ती एक शब्दही बोलली नव्हती. घरी येऊन तिने स्वयंपाक केला होता. पण पुढे कधीही बैलगाडी अडाण नदी ओलांडायची तेव्हा ती पाण्याकडे बघत राहायची, पार दुसरा काठ येईपर्यंत. गाडी हाकता हाकता त्याने ते किती वेळा पाहिलं होतं. काय बघतेस, असं त्याने कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात ही बातमी त्याच्याआधी पोचली होती. प्रयागबाईच्या गाडीवानाने वाटेत कुणाला सोडलं नसावं.

"ये बाप्पा ये!" लखीरामने कांद्याची पाटी सरकवून जागा केली. "म्हंजे तू त्याइच्यातला बी नाई अन् आमच्यातला बी नाई. अधांतरीच हाय. मंग आता हे खोबरं खा."

"लखीराम, तू देवीले काहून जातो?"

"काहून म्हंजे?"

"म्हंजे कायले जातो?"

लखीरामने डोक्यावरचं मुंडासं काढलं, खाजवलं, परत घातलं. "माहा बाप जाये. मी जातो. माहं पोट्टं जाईन. असं सकायी सकायी डोकं खाऊ नको, गिऱ्हाईक आलं पाय."

दुपारी बाजार पातळ झाला तसा चंपत उठला. पाट्या लखीरामच्या हवाली केल्या आणि वेशीच्या बाजूला निघाला. देवळाच्या पायऱ्या आठ होत्या. आजवर त्या त्याने खालूनच पाहिल्या होत्या. जोडे काढले आणि चढला.

दोन दिवसांनी घट बसणार म्हणून आत धुणं चाललं होतं. म्हातारा गुरव घागरीने पाणी ओतत होता. देवीच्या अंगावर ना साडी, ना दागिना, ना फुलं. एक ओला काळा दगड. जुना शेंदूर उतरवला होता, नवा एका वाटीत तेलात कालवलेला बाजूला होता. चांदीचे डोळे काढून गुरवाने पाटावर ठेवले होते.

"चंपत? तू कसा?" गुरव म्हणाला. "फुलं तं परवा लागतीन."

"फुलाईसाठी नाई आलो."

"मंग?"

"पाहाले आलो."

गुरवाने त्याच्याकडे संशयाने बघितलं. "पाहाले आला तं हात जोड. असा खांबासारखा काहून उभा?"

"पाहू दे गा. छप्पन वर्षात पाह्यलं नाई."

गुरवाने खांदे उडवले आणि शेंदूर लावायला घेतला. चंपत उभा राहिला. आधी त्याला भीती वाटली, की काहीतरी होईल. काही झालं नाही. मग वाटलं, रडू येईल. तेही आलं नाही. गुरवाची बोटं हळूहळू फिरत होती, कपाळ, गाल, मग हनुवटी, आणि दगडाला तोंड येत होतं. किती माणसांनी या दगडाकडे बघून काय काय मागितलं असेल. ती माणसं वेडी नव्हती. पण चंपतला तिच्याकडे काही मागावंसं वाटेना आणि तिच्याशी भांडावंसंही वाटेना. ती त्याची कुणी नव्हती. आजपर्यंत हे बापाचं म्हणणं होतं. आता त्याने स्वतः येऊन पाहिलं होतं.

मग त्याचं कोण होतं? पायऱ्या उतरताना तो हाच विचार करत होता आणि मळ्यापर्यंत चालत गेला तरी सुटला नाही. तो थारोळ्यावर जाऊन बसला. मोट थांबली होती, दगड अजून ओला होता. इथे तो रोज बसत आला होता. बाप गेल्याला चौतीस वर्षं झाली. बापाच्या मागे त्याला इथे बसायला सांगणारं कुणी नव्हतं. नसता बसला तर कुणाला कळलंही नसतं. कडाक्याच्या थंडीतही तो घोंगडी गुंडाळून आला होता. बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला होता. नाम नव्हतं, नुसते ओठ होते. तरी त्या वेळेला मन कुणापुढे तरी जाऊन उभं राहायचं आणि दिवसभराला पुरेल एवढं शांत होऊन परत यायचं. कुणापुढे, ते त्याला सांगता आलं नसतं. पण हे त्याला बापाने दिलं नव्हतं. बापाने फक्त जागा दाखवली होती.

गिरजा वांगी तोडून पाटी डोक्यावर घेऊन येत होती. त्याला बघून थांबली.

"गिरजे, एक इचारू का?"

"इचारा ना."

"तू त्या टाकापुढं हात जोडते तवा मनात काय म्हनते?"

तिने पाटी खाली ठेवली. सासऱ्याने असं काही विचारावं हे तिला नवीन होतं. पण तिने उत्तर टाळलं नाही. "काई म्हनत नाई. कदी देवी दिसते. कदी आई दिसते. अन् कदी मनात येते का वरनात मीठ घातलं का नाई."

चंपतला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. गिरजाही पदराआड हसली.

"मी आसेगावले चाललो," तो म्हणाला. "उद्या. बाबाकडं."

"मले यायचं का?"

"नाई. तुह्यं तुले समजन तवा समजन. नाई समजलं तं नाई."

तिने पाटीतली वांगी उगाच सारखी केली. "मंग घट?"

हे विचारायला तिला किती जड गेलं असेल ते तिच्या आवाजावरून कळत होतं. चंपत थारोळ्यावरून उठला. घट बसला तर प्रयागबाई या घरी पाणी पिणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पंथाचे चार लोक नावं ठेवतील. कदाचित महंतबाबाही पुन्हा ओसरीवर बसून भरीत खाणार नाहीत. आणि तो स्वतः त्या घटापुढे हात जोडणार नव्हता, आज तर नाहीच नाही.

"घटाले माती कुठली घेशीन?" त्याने विचारलं.

"इथलीच. या वांग्याच्या वाफ्यातली."

"ते नको घेऊ. त्याच्यात शेणखत लय हाय, गहू उगवन अन् पिवळा पडन. तिकडं बांधाजवळची घे, बोरीखालची. चाळून घे. अन् पानी शिंपड, ओतू नको. नवी पोरगी हाय, ओतशीन भसकन."

गिरजाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून तिने घाईने पाटी उचलली. पाटी डोक्यावर नीट बसेना, तर चंपतने हात लावून दिला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच चालत निघाला. पंजाब गाडी जुंपतो म्हणत होता, त्याला नको म्हणाला. दुपार कलताना मठात पोचला. पाय धुळीने भरले होते. महंतबाबा एका पोथीवर कापड गुंडाळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला.

"कोणाच्या मनाने आलात?"

वाटेने चंपतने याचं उत्तर तीन-चार वेळा जुळवलं होतं. आता ते सगळं गेलं.

"बाबा, खरं सांगतो. अर्धं माह्या बापाचंच हाय. ते काढून टाकता येत नाई. हाडात गेलं. बाकीचं कोनाचं ते मले सांगता येत नाई. पन मी देवीले पाहून आलो. अन् मंग इथं आलो."

"देवीला पाहून?"

"हो. तिले न पाह्यताच नाई म्हनत होतो. ते बरं नाई वाटलं."

बाबांनी पोथीच्या कापडाची गाठ मारली. बाहेर अंगणात कुणीतरी झाडत होतं, त्या खराट्याचा आवाज येत होता.

"आणि सून?"

"ते घट बसवून राह्यली. मीच माती दाखवली. तुमाले चालत नसन तं मी असाच वापस जातो. पन तिले मोडून मी आत येनार नाई."

बाबांनी पोथी बाजूला ठेवली. "पाय धुऊन या," ते म्हणाले. "आणि इकडे जवळ बसा. मला मोठ्याने बोलता येत नाही."

पाच नामं त्यांनी त्याच्या कानात सांगितली. चंपतने ती त्यांच्यामागे हळूच म्हटली, पुन्हा म्हटली. त्या रात्री तो मठात राहिला आणि दुसऱ्या दिवशी वाटेने घोकत घोकत घरी आला. घरात कोनाड्याखाली पानाची पत्रावळ, तिच्यावर काळी माती, मातीत गहू आणि वर घट होता. चंपत त्याच्या बाजूने गेला, माठातलं पाणी घेतलं आणि प्यायला. गिरजाने त्याचं ताट वेगळं वाढलं, त्यात नैवेद्यातलं काही नव्हतं. दोघांनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

पुढच्या पहाटे तो थारोळ्यावर बसला. डोळे मिटले. पहिलं नाम आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. चौथं येईना.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा चौथ्याशी अडला. पाचवं येत होतं, चौथं नाही. उजाडलं, पंजाब बैल घेऊन आला, मोट विहिरीत उतरली, तरी चंपत बसलेलाच. आधी असं कधी झालं नव्हतं. नुसते ओठ हलवताना काही विसरायचा प्रश्नच नव्हता.

गिरजा न्याहारी घेऊन आली. "काय झालं मामाजी? तब्येत बरी नाई का?"

"एक नाम इसरलो," तो ओशाळून म्हणाला.

"त्याइले इचारा ना, त्याइले येत असन."

पंजाबने नाड्यावर बसल्या बसल्या कानाला हात लावला. "मले काय येते! तुमी म्हनत होते ना, जनमापासूनच असते म्हनून!"

गिरजा मोठ्याने हसली, तशी बैल बिचकले आणि मोट अर्ध्यातच डचमळली. चंपतही हसला. मग थारोळ्यावरून उतरला आणि घरी जाऊन काठी घेऊन आला.

"आता कुठं?" गिरजाने विचारलं.

"आसेगावले. इचारून येतो."

"पुन्हा तेवढं चालत?"

"मंग? माह्यंच काम हाय ना ते."

गिरजाने न्याहारीच्या भाकरी उलगडलेल्या फडक्यातच परत बांधल्या, दोन मिरच्या आणि कांदा वर ठेवला आणि गाठोडं त्याच्या काठीला अडकवलं. "दिवस बुडाच्या आत पोचा. वांगी मी नेते बाजारात. झेंडू बी."

"झेंडू देवळात आधी दे," चंपत म्हणाला. "आज दुसरी माळ हाय."

आणि पहिलं, दुसरं, तिसरं नाम म्हणत तो आसेगावच्या वाटेला लागला.